आईची नोकरी आणि नववीतला मुलगा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. बरीच वर्षं घरी राहिल्यावर मला ईएडी, म्हणजे इथे नोकरी करायची परवानगी, मिळालं आणि मी पुन्हा नोकरी धरली. मुलगा नववीत आहे. मार्क घसरलेत, कशातच मन लागत नाही. पुण्याहून सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणतात, "आई घरात नसली की असंच होणार." नोकरी सोडू का?

उत्तर : ताई, नोकरी सोडू नका. २०१० मध्ये अमेरिकेत ६९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत आई कामाला लागली, तरी पुढे अभ्यासात किंवा वागण्यात सरसकट नुकसान आढळलं नाही. तुमचा मुलगा तर मिसरूड फुटायच्या वयाचा आहे! २९ देशांच्या दुसऱ्या एका अभ्यासात नोकरदार आयांच्या मुली पुढे जास्त प्रमाणात नोकरी करताना दिसल्या, तर मुलगे घरच्यांची काळजी घ्यायला जास्त वेळ देत होते. मुलग्यांच्या नोकरी-पगारात मात्र फरक नव्हता. म्हणजे आईच्या नोकरीने मुलगा बिघडत नाही, तसा आपोआप जिद्दीही होत नाही.

जिद्द येते कुठून? मॅरियन विंटरबॉटम यांच्या १९५८ च्या छोट्या अभ्यासात, यशाची ओढ जास्त असलेल्या मुलांच्या आयांनी त्यांच्यावर लवकर जबाबदारी टाकली होती आणि जमल्यावर भरभरून कौतुक केलं होतं. माझ्याकडे कोथरूडला येणाऱ्या नोकरदार आया अपराधीपणापोटी नेमकं उलट करतात. परदेशातल्या आयांचंही तेच. दुपारी ऑफिसातून शाळेचं पोर्टल उघडायचं आणि "सायन्सची असाइनमेंट मिसिंग दिसतेय" असा मेसेज टाकायचा. पोरगं घरात पाऊल टाकायच्या आधीच बोलणी खाऊन बसलेलं असतं. त्यात त्याचं स्वतःचं असं काय उरलं?

पोर्टल त्यालाच उघडू द्या. रविवारी संध्याकाळी त्याने तुम्हाला सांगायचं, काय राहिलंय आणि कधी करणार. आठवड्यातले दोन दिवस कुकर त्याने लावायचा. भात गिचका झाला तरी खा. आणि तुमच्या कामाबद्दल त्याच्याशी बोला. मुलांना आईची नोकरी बहुतेक वेळा नुसता थकवा म्हणूनच दिसते. एवढ्या खंडानंतर इंटरव्ह्यूला बसताना पोटात कसा गोळा आला होता, काय नव्याने शिकावं लागलं, हे त्याला कळू दे.

तिकडे नववी म्हणजे हायस्कूलचं पहिलं वर्ष, मार्क डळमळतात. पण झोप, भूक बिघडली असेल किंवा मित्र तुटले असतील, तर शाळेच्या काउन्सेलरला लगेच भेटा.

सासूबाईंशी तुमच्या मिस्टरांनी बोलायला हवं. त्यांचीही नोकरी आहेच, आणि मुलगा त्यांचाही आहे.