चैत्रातली पदयात्रा आणि बधिर तळवे

"आईची देवभक्ती तिच्या तब्येतीच्या मुळावर उठली आहे, ती थोडी कमी कशी करता येईल?" अशी विचारणा करणारी मुले-सुना समुपदेशक म्हणून माझ्याकडे अधूनमधून येतात. अमळनेर तालुक्यातील एका गावाहून आईला घेऊन आलेल्या मुलाचीही काळजी हीच होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आईचे वय पंचावन्नच्या पुढचे आणि मधुमेह जुना. दर चैत्रात गावातल्या मंडळींबरोबर धुळे, मालेगाव, देवळा, कळवण करत नांदुरीला पोहोचायचे आणि तिथून सप्तशृंगीचा गड चढायचा, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या वर्षी डॉक्टरांनी पदयात्रेला मनाई केली. तेव्हापासून तिने चालणे सोडले, भजनी मंडळात जाणे सोडले, मंगळवारचा उपवास मात्र अधिक कडक केला आणि गोळ्या मनाला येईल तशा घेऊ लागली. देवीच्या नादाने आई आजारी पडते आहे, असा निष्कर्ष मुलाने त्यावरून काढला होता.

मुलाला बाहेर बसायला सांगितल्यावर मावशी बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "देवीले मी नको आते, ताई." नातवासाठी बोललेला नवस फेडायचा राहिला होता, त्यातच पदयात्रा हुकली, साखर वाढली, आणि या तिन्ही गोष्टी जोडून त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला होता की देवीचा कोप झाला आहे. गडावर जायला देवीच नको म्हणते, तर गावात चालून तरी काय करायचे, हा त्यांचा पुढचा तर्क. झोप, भूक, जगणे नकोसे वाटते का, हे सारे मी विचारून घेतले. उदासी होती, पण जिवाला धोका वाटावा अशी नव्हती. तशी असती तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे भाग होते.

अशा वेळी श्रद्धेवर वाद घालणे मला चुकीचे वाटते. संशोधनातही श्रद्धा सरसकट तारक किंवा मारक ठरलेली नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरील ५९६ आजारी रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला आणि २००१ साली निष्कर्ष मांडले. देवाने आपल्याला टाकले आहे, त्याचे आपल्यावर प्रेम उरलेले नाही, अशा भावनेने ग्रासलेल्या रुग्णांत त्या काळात मृत्यूचा धोका इतरांहून अधिक आढळला. हे रुग्ण तिकडचे, त्यांचा धर्म वेगळा, आणि अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही मावशींचे वाक्य ऐकताना मला तोच अभ्यास आठवला. त्यांना पोखरत होती ती टाकले गेल्याची भावना. भक्ती कमी करायला सांगून ती भावना वाढलीच असती.

डॉक्टर नेमके काय म्हणाले, असे विचारल्यावर मावशींकडे दोनच शब्द होते: "चालू नका." त्यांच्या परवानगीने मी डॉक्टरांशी बोलले, तेव्हा वेगळेच कळले. तपासणीत नायलॉनचा बारीक धागा तळव्यावर टेकवला असता कित्येक ठिकाणी मावशींना स्पर्शच जाणवला नव्हता. चैत्रात खानदेशातला डांबरी रस्ता कसा तापतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यावर अनवाणी चाललेल्या बधिर पायाला फोड आला तरी कळत नाही, जखम चिघळते, आणि मधुमेहात अशा जखमेपायी पाय गमवावा लागल्याची उदाहरणे आहेत. म्हणून डॉक्टरांनी उन्हातली अनवाणी पदयात्रा थांबवली होती. रोजचे चालणे त्यांना हवेच होते, कारण चालताना स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतात. घरी येईपर्यंत एवढ्या सल्ल्यातले "चालू नका" तेवढे शिल्लक राहिले होते.

उदासीसाठीही चालणे कामाचे असते. १९९९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पन्नाशीपुढील नैराश्यग्रस्तांवर झालेल्या प्रयोगात सोळा आठवड्यांअखेर व्यायाम करणारा गट औषध घेणाऱ्या गटाच्या बरोबरीने सुधारलेला दिसला, मात्र औषधाचा गुण लवकर आला होता. मावशींना मी हे आकडे सांगितले नाहीत. पदयात्रेत सर्वांत काय आवडते, एवढेच विचारले. वाटेवरचे चहा-फराळाचे मांडव, रात्रीची भजने, आणि सासरी आल्यापासून सोबत चालणाऱ्या दोन मैत्रिणी, असे त्या सांगत गेल्या. मग त्या मैत्रिणींनाच गाठले. गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत जाऊन यायचे, रोज अर्धा तास, आठवड्यातून निदान पाच दिवस, असे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे त्यात बसतात. पायांत मोजे आणि बंद, मऊ बूट, घरी आल्यावर तळव्याखाली आरसा धरून पाहणी. चालण्याचा वेग बोलता येईल पण गाता येणार नाही असा हवा. यावर तिघीही नाराज झाल्या, कारण भजन म्हणतच चालायचा त्यांचा बेत होता. अखेर भजन मारुतीच्या ओट्यावर बसून म्हणायचे, अशी तडजोड झाली.

नवसाचे काय, हा प्रश्न मी माझ्याकडे घेतला नाही. देवीच्या मनात काय आहे हे समुपदेशकाने सांगू नये. भजनी मंडळातल्या एका वृद्ध आजींनी त्यांना सांगितले की नवस गाडीने जाऊनही फेडता येतो, आणि त्या शब्दाला जे वजन होते ते माझ्या शब्दाला कधीच आले नसते.

पुढच्या चैत्रात मावशी जीपने नांदुरीला गेल्या, तिथे आपल्या पदयात्रींना भेटल्या आणि गाडीनेच गडावर जाऊन, तिथून मंदिरापर्यंत रुळांवरच्या ट्रॉलीने पोहोचून दर्शन घेऊन आल्या. साखर पूर्वीपेक्षा आटोक्यात आहे, तळव्यांची बधिरता मात्र तशीच आहे. मंगळवारचा उपवास मुलाला अजूनही खुपतो. काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर एकदम खाली जाते, आणि नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढला तर ती चढते, म्हणून त्या दिवशीचे खाणे आणि गोळीची वेळ डॉक्टरांकडून लिहून आणली आहे. आता नवरात्राच्या नऊ दिवसांचा प्रश्न आहे, आणि घटस्थापनेच्या आधी मायलेक दोघेही डॉक्टरांकडे जाणार आहेत.