गोळ्या अचानक सुटल्यावर जे परत येतं, तो आजारच असतो असं नाही

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मग डोळ्याला डोळा लागेना. लॉकडाउनमध्ये सुरू झालेली धडधड आणि भीती गोळ्यांनी आटोक्यात आली, गेली दोन वर्षं ठीक गेली, म्हणून दोन आठवड्यांपूर्वी तुम्ही गोळ्या स्वतःहून बंद केल्या. आता चक्कर येते, मान वळवली की डोक्यातून करंट गेल्यासारखं होतं, कशावरूनही रडू येतं, रात्री तीनला जाग येते आणि छाती धडधडत असते. ‘आजार उलटलाय का? मी आता जन्मभर अशीच राहणार का?’ असं तुम्ही विचारलंय.

करंट हा शब्द वाचला आणि मी थांबले. २०२० मध्ये मी बहिणीला फोनवर अगदी हाच शब्द सांगितला होता.

मी डॉक्टर नाही. पुढे जे लिहिते आहे ते माझ्यावर गुदरलेलं आणि त्यानंतर डॉक्टरांकडून समजून घेतलेलं आहे. तुमची गोळी, तुमचा डोस, तुमचं वय, बाकीचे आजार, यातलं मला काहीच माहीत नाही. व्यायाम करा, बातम्या कमी पाहा, माणसांशी बोला हे सगळं तुम्हाला शंभरदा सांगून झालं असेल, ते मी सांगत बसत नाही.

लॉकडाउनच्या आधी साधारण दीड वर्ष मी घबराटीच्या त्रासासाठी पॅरोक्सेटिन घेत होते आणि बरी होते. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. पुढे सगळं बंद झालं तेव्हाही पहिले काही आठवडे मी घरातल्या बाकीच्यांपेक्षा शांत होते. मग एका सकाळी लक्षात आलं की पाकिटात अकराच गोळ्या उरल्या आहेत आणि चिठ्ठीची मुदत संपली आहे.

माझी फाइल ज्या रुग्णालयात होती तिथे तीन दिवस फोन लावला. चौथ्या दिवशी उचलला गेला. ओपीडी बंद आहे, फक्त तातडीचे पेशंट, असं पलीकडून सांगितलं. मी म्हटलं, मला यायचं नाही, फक्त गोळ्यांची चिठ्ठी हवी आहे. “गोळ्या कशाच्या?” सांगितलं. “मग ते तातडीत येत नाही. सध्या टेन्शन सगळ्यांनाच आहे, मॅडम.”

मी ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. दुसऱ्या डॉक्टरला विचारलं नाही, त्याच ठिकाणी परत फोन केला नाही, घरात कुणाला सांगितलं नाही. त्या वाक्याने मला माझीच लाज वाटली होती. लोक श्वासासाठी तडफडताहेत आणि मी माझ्या भीतीच्या गोळ्या मागते आहे, असं वाटलं. अकरा गोळ्या एक दिवसाआड घेतल्या तर बावीस दिवस पुरतील, असा हिशेब केला आणि कॅलेंडरवर एकाआड एक तारखांना गोल केले.

हा हिशेब का चुकीचा होता ते मला नंतर कळलं. पॅरोक्सेटिन शरीरातून लवकर निघून जातं, साधारण एका दिवसात त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. एक दिवसाआड गोळी म्हणजे डोस निम्मा होत नाही, मेंदूला रोज वर-खाली झोके बसतात. व्हेन्लाफॅक्सिन या अशाच दुसऱ्या गोळीचंही तसंच, ते तर याहून लवकर उतरतं. फ्लुओक्सेटिन ही तिसरी गोळी मात्र बरेच दिवस शरीरात रेंगाळतं, म्हणून ते थांबवल्यावर असा त्रास बहुधा कमी होतो आणि उशिरा होतो. एकीला काहीच झालं नाही आणि दुसरी आडवी पडली, असं जे ऐकायला मिळतं त्यामागे बऱ्याचदा गोळीगोळीतला हा फरक असतो.

पाचव्या-सहाव्या दिवशी चक्कर सुरू झाली. मग मळमळ, रात्री घामाने भिजणं, डोक्यातले ते करंट. यातली निम्मी लक्षणं तेव्हा रोज टीव्हीवर सांगत होते. मला खात्रीच पटली की विषाणू आपल्यात शिरलाय. मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं, ताट दाराबाहेर ठेवायला सांगितलं. रात्री पांघरुणात ऑक्सिमीटरचा तो लाल उजेड आणि त्यावरचा आकडा, ९८, ९७, परत ९८. काढायचा, दोन मिनिटांनी परत बोटाला लावायचा. एका रात्री ९१ दिसला आणि मी भिंतीला धरून उभी राहिले. बोटं गार पडली होती, एवढंच. (ज्यांच्या घरात ते यंत्र अजून आहे त्यांच्यासाठी : गार बोट किंवा नेलपॉलिश असलं तर आकडा चुकू शकतो. हात चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. आणि भीती वाटली म्हणून पुन्हापुन्हा लावत असाल तर ते यंत्र दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. दर वेळी आकडा पाहून मिळणारा दिलासा दोन मिनिटं टिकतो आणि पुढच्या वेळी पाहण्याची ओढ वाढवतो.)

असे नऊ दिवस गेले. मग मोठ्या बहिणीने फोनवर सहज विचारलं, “गोळ्या घेतेयस ना गं?” मी रडायलाच लागले. तिने तासाभरात फोनवर तपासणारे एक डॉक्टर शोधले. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकून घेण्याआधीच विचारलं, ‘रोजची गोळी शेवटची सलग कधी घेतली?’ पुन्हा रोज सुरू करायला सांगितलं, चिठ्ठी पाठवली. तिसऱ्या दिवशी करंट थांबले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आजार उलटणं आणि गोळी अचानक सुटल्याचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वरवर त्या सारख्या दिसतात. डॉक्टरांनी मला तीन खुणा सांगितल्या. त्रास कधी सुरू झाला, ही पहिली. गोळी सुटल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच उठतो, आजार परत येतो तो सहसा आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू. दुसरी खूण म्हणजे मूळ आजारात कधीच नव्हतं असं काही आहे का, जसे करंट, चक्कर, तोल जाणं. आणि गोळी परत सुरू केल्यावर किती लवकर फरक पडतो, ही तिसरी. मूळ आजारावर त्याच गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुटल्याचा त्रास मात्र काही दिवसांतच ओसरतो. तुमच्या वर्णनात पहिल्या दोन्ही खुणा मला स्पष्ट दिसतात. तरी हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. माझं वाचून जुना पूर्ण डोस आज रात्री परत सुरू करू नका, किती घ्यायचं ते विचारून घ्या.

गोळ्या बंद करायच्याच असतील तर त्या करता येतात, हेही सांगते, कारण तुमच्या पोस्टमध्ये ‘जन्मभर’ हा शब्द दोनदा आला आहे. मी नंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली कित्येक महिने घेऊन बंद केल्या. सुरुवातीच्या पायऱ्या मोठ्या होत्या, शेवटच्या अगदी बारीक. याला कारण आहे : डोस लहान असतानाही मेंदूवर त्याचा परिणाम बराच असतो, म्हणून शेवटच्या थोडक्यातूनच माणूस घसरतो. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या वैद्यकीय नियतकालिकात नेमकं हेच मांडलं होतं. तुमचे डॉक्टर ‘निम्मी करा आणि दोन आठवड्यांनी सोडा’ म्हणाले आणि तुम्हाला ते झेपलं नाही, तर तसं सांगायला संकोचू नका.

आणि झोपेच्या किंवा घबराटीच्या त्या दुसऱ्या गोळ्या, क्लोनाझेपाम वगैरे, कुणी रोज घेत असेल तर त्या एकदम बंद करणं खरोखर धोक्याचं आहे. फिट येऊ शकते. लॉकडाउनमध्ये एकमेकांच्या डब्यातल्या या गोळ्या किती जणांनी वाटून खाल्ल्या हे मी जवळून पाहिलंय.

ते ‘टेन्शन सगळ्यांनाच आहे’ माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. वाक्य खोटं नव्हतं. महासाथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच मार्च २०२२ मध्ये सांगितलं. पण सगळेच कासावीस असले की खरोखर आजारी असलेला त्या गर्दीत दिसेनासा होतो. पाण्याची टंचाई सगळ्या गावाला असली तरी तापाने फणफणलेल्याला पाणी आधी द्यावं लागतं. त्याच संघटनेने २०२० च्या मध्यावर १३० देशांची पाहणी केली, त्यात ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याची एखादी तरी अत्यावश्यक सेवा विस्कळित किंवा बंद होती. म्हणजे माझ्यासारख्यांना परत पाठवणारी खिडकी एकच नव्हती. फोनवरच्या त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्या हातात दिलेल्या यादीत आमचं नाव नव्हतं. ती यादी ज्यांनी केली त्यांचा राग मला आजही येतो.

थोडं इकडचं-तिकडचं. चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि गोळीचं कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून ठेवा, म्हणजे अनोळखी डॉक्टरलाही क्षणात कळतं. पाकिटात दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवी चिठ्ठी मागायची, ही तारीख मी गोळ्या घेत होते तोवर पाकिटावर पेनने लिहायचे. तीनला जाग आली तर अंथरुणात तळमळत राहू नका, उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, झोप आली की परत या, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठा. याने मला फरक पडला, पण दोन-तीन आठवडे नेटाने करावं लागलं. घड्याळ मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवा.

एक सरळ विचारते, राग मानू नका. रडू येतं असं लिहिलंय, त्याबरोबर जीव नकोसा वाटतो का? वाटत असेल तर ओपीडीची वाट पाहू नका. आत्ताच घरातल्या कुणाला तरी उठवा, आणि हेल्पलाइन किंवा जवळचा तातडीचा विभाग गाठा.

तसं नसेल तर आज सकाळी डॉक्टरांना फोन लावा. पलीकडून कुणीही उचलला तरी कहाणी सांगत बसू नका, एवढंच सांगा : अमुक गोळी, इतक्या मिलिग्रॅमची, इतकी वर्षं घेत होते, अमुक तारखेला एकदम बंद केली, त्यानंतर इतक्या दिवसांनी चक्कर आणि डोक्यात करंट सुरू झाले, मला आजच डॉक्टरांशी बोलायचं आहे. तातडीत येत नाही असं म्हणाले तर ‘बरं’ म्हणू नका, ‘मग कोणाशी बोलू?’ असं विचारा आणि नाव लिहून घ्या. तिथेही दाद लागली नाही तर इथे लिहा, मी दुपारी परत बघते.