लेट्यूस, दिवा आणि ड्राफ्टमधला राजीनामा

प्रिय बाळ,

तुझा मेसेज सकाळी पाहिला. ऑनसाइटला, म्हणजे क्लायंटकडे, तुझ्याऐवजी तुमच्यातल्या त्या दुसऱ्या मुलाला पाठवलं, प्रेझेंटेशनमधून तुझं आणि त्या नवीन पोराचं नाव गाळलं, आणि तू राजीनाम्याचा मेल टाइप करून ड्राफ्टमध्ये ठेवलायस. वर म्हणतेस, मी आता स्टोइक होणार, कशाचंच काही वाटून घ्यायचं नाही. हे कुठल्या रीलमधून उचललंस गं? थंड पाण्याने अंघोळ करायची, चेहरा दगडासारखा ठेवायचा आणि खाली त्या स्टोइक रोमन बादशहाचं, मार्कस ऑरेलियसचं नाव टाकायचं, हल्ली हे फार चाललंय.

खरे स्टोइक, म्हणजे ग्रीस-रोममधले एका जुन्या पंथाचे तत्त्वज्ञ, असे मख्ख नव्हते. त्यांच्यातल्याच सेनेकाने रागावर आख्खं पुस्तक लिहिलंय, त्यात तो सरळ म्हणतो की गार पाणी अंगावर पडलं की शहारा येणारच, वाईट बातमी ऐकली की अंगावर काटा येणारच, तो पहिला झटका कुणाच्याच हातात नसतो, आपल्या हातात असतं ते त्याच्या पुढचं, म्हणजे त्या झटक्याला "हो बरोबर आहे, आता दाखवतेच यांना" असा होकार द्यायचा की जरा थांबायचं. आणि रागावरचा सगळ्यात मोठा उपाय त्याने सांगितला तो म्हणजे उशीर करणं. म्हणून तो मेल ड्राफ्टमध्ये राहिला हे बेस्ट झालं, आता तिथेच राहू दे.

पण तुझ्यासाठी मला सेनेकापेक्षा एपिक्टेटस जास्त जवळचा वाटतो. सेनेका श्रीमंत, रोमच्या नीरो बादशहाचा गुरू. हा गुलाम. हिअरापोलिसचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या पामुक्कलेजवळचा, पायाने अधू, आणि त्याचा मालक नीरोच्या दरबारातला. पुढे सुटला, रोममध्ये शिकवायला लागला तर इ.स. ९० च्या आसपास डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांनाच हाकललं, मग हा ग्रीसमध्ये निकोपोलिसला गेला आणि तिथे शाळा काढली. स्वतः काही लिहिलं नाही, अरियन नावाच्या विद्यार्थ्याने नोट्स काढल्या म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतं. तर या माणसाच्या बोलण्यात सारखी किंमत येते, कशाची किती आणि ती कुणी मोजली. ज्या समाजात माणसंसुद्धा विकली जायची तिथे गुलाम म्हणून वाढलेला माणूस हा हिशोब फार बारकाईने करतो असं मला आपलं वाटतं.

त्याच्या घरी देवांपाशी एक लोखंडी दिवा होता. एका रात्री खिडकीशी आवाज आला, हा धावत खाली आला, बघतो तर दिवा गायब. म्हणाला ठीक आहे, उद्या मातीचा आणू. पण दुसऱ्या एका ठिकाणी तो पुढचा हिशोब मांडतो, की जागं राहण्यात चोर माझ्यापेक्षा सरस ठरला म्हणून दिवा त्याला मिळाला, पण त्याने तो केवढ्याला घेतला बघा, एका दिव्यासाठी तो चोर झाला, विश्वासघातकी झाला. (गंमत म्हणजे एपिक्टेटस गेल्यावर कुणीतरी त्याचा तो मातीचा दिवा ३००० द्राख्मांना विकत घेतला, त्या उजेडात वाचलं की शहाणपण आपोआप येईल म्हणून, असं ल्यूशियन नावाचा जुना लेखक लिहितो. रीलवाले तेव्हाही होतेच!)

आता तुझं ऑनसाइट. एपिक्टेटस म्हणतो, तुला जेवणाला बोलावलं नाही? लेट्यूस एका ओबोलला मिळतो, ओबोल म्हणजे तिकडची चिल्लर. ज्याने ओबोल दिला तो लेट्यूस घेऊन गेला, तू दिला नाहीस, मग तुझा ओबोल तुझ्याच खिशात आहे ना? त्या जेवणाची किंमत यजमानाची स्तुती करणं, त्याच्या पुढेपुढे करणं ही होती. तूच मला सांगितलंस की तो मुलगा रोज साहेबांबरोबर चहाला जायचा, त्यांच्या प्रत्येक फालतू जोकला हसायचा. तू ते केलं नाहीस, तुला करायचंही नव्हतं. मग पैसे न देता भाजी हवी आणि नाही मिळाली म्हणून भाजीवाल्याशी भांडण, असं कसं चालेल? ऑनसाइट सोडून दे.

नाव गाळलं त्याचं मात्र वेगळं आहे, तिथे गप्प बसायचं नाही. स्टोइकांच्या चार गुणांत संयम आहे तसा न्यायही आहे, आणि यात त्या पोराचाही हक्क मारला गेलाय, तो बिचारा प्रोबेशनवर, तो काय बोलणार. रोमच्या सिनेट नावाच्या सभेतल्या हेल्विडियस प्रिस्कसचा किस्सा एपिक्टेटसच सांगतो. व्हेस्पेशियन बादशहाने त्याला निरोप पाठवला, सिनेटमध्ये येऊ नकोस. हा म्हणाला, मला सभासद ठेवायचं की नाही ते तुमच्या हातात, पण आहे तोवर मी येणार. बादशहा म्हणाला, बरं ये, पण गप्प बस. हा म्हणाला, मला विचारू नका, मी गप्प बसतो. बादशहा म्हणाला, पण मला विचारावं तर लागेल! हा म्हणाला, मग मलाही योग्य वाटेल ते बोलावं लागेल. बादशहा म्हणाला, बोललास तर ठार मारीन. त्यावर हा म्हणतो, मी अमर आहे असं कधी म्हणालो होतो तुम्हाला? तुमचं काम तुम्ही करा, माझं मी करतो. आणि खरंच त्याला आधी हद्दपार केलं, मग मारलं. आवाज न चढवता बोलणं म्हणजे काय ते यात बघ.

तुला कुणी मारणार नाहीये, फार तर अप्रेझलला एक स्टार कमी. तेव्हा साहेबांकडे वेळ माग, कुठल्या स्लाइड तुझ्या आणि कुठल्या त्या पोराच्या ते तारखांसकट समोर ठेव, आणि नावं टाकून प्रेझेंटेशन परत पाठवा एवढंच म्हण. ऑनसाइटचा विषय त्यात अजिबात आणू नकोस, नाहीतर ते म्हणतील हिला तेच झोंबलंय. नाही ऐकलं तर मग नोकरी सोडायची का ते बोलू, पण तेव्हा, आत्ता रात्री बारा वाजता नाही.

काय होतं ते शनिवारी फोन करून सांग. दुपारी दोन ते चार करू नकोस, मी झोपलेली असते.

तुझी,
मावशी