विकर, किण्व आणि विरजण

'एन्झाइमला किण्व म्हणावं की विकर, आणि विरजणालाही विकर म्हटलं तर चालेल का' असं विचारलंय. एन्झाइम म्हणजे विकर, सजीवांच्या पेशीत तयार होणारं आणि रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं द्रव्य, शाळेच्या पुस्तकात हाच शब्द आहे आणि तो नपुंसकलिंगी, ते विकर, ती विकरं. किण्व म्हणजे यीस्ट, एकपेशीय जिवंत बुरशी. विरजणात पण जिवंत जिवाणू असतात, दुधातल्या साखरेचं आम्ल करतात ती त्या जिवाणूंच्या आतली विकरं, म्हणून विरजणालाच विकर म्हणणं मला तरी चूक वाटतं.

गोंधळ व्हायला कारण मात्र आहे. एन्झाइम हा शब्दच ग्रीकमधल्या 'खमिरातलं' अशा अर्थाच्या शब्दांवरून केलाय, १८७० च्या दशकात विल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने. तेव्हा वाद असा होता की साखरेची दारू व्हायला जिवंत किण्वच लागतं का, आणि लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञासारखा माणूस 'हो' म्हणत होता. मग १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस पिळून काढला, तो टिकावा म्हणून साखर घातली, तर त्यात एकही जिवंत पेशी नसताना बुडबुडे यायला लागले, म्हणजे साखरेची दारू व्हायला लागली! त्यासाठी १९०७ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं त्याला. किण्व वेगळं आणि त्यातलं विकर वेगळं हे तिथे पक्कं झालं, म्हणून आपणही दोन शब्द वेगळे ठेवावेत.

पेशीबाहेर काढूनही काम करतं म्हणूनच तर विकर कारखान्यात चालतं. इचलकरंजीत मागावर चढवायच्या आधी सुताला स्टार्चची खळ देतात ना, सायझिंग म्हणतात ते, तर कापड विणून झाल्यावर रंगवायच्या आधी ती खळ काढायला अमायलेज हे स्टार्च तोडणारं विकर वापरतात. आपल्या लाळेत पण अमायलेजच असतं, भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते ती त्यामुळे. मटण मऊ व्हायला कच्ची पपई लावतो तिथे पपेन हे विकर. नावाच्या शेवटी 'एज' दिसलं की बहुतेक विकरच समजा, ती पद्धत १८३३ मध्ये सापडलेल्या डायस्टेज या विकराच्या नावापासून आलीय, पण पेप्सिन, ट्रिप्सिन (ही दोन्ही पचनाची विकरं) आणि पपेन ही नावं त्यात बसत नाहीत.

विरजणासारखं वाटणारं पण खरंच विकर असलेलं हवं असेल तर चीजचं रेनेट घ्या, दूध फाडायला घालतात ते. त्यातलं कायमोसिन हे विकर पूर्वी वासराच्या पोटातून काढायचे, शाकाहारी चीजसाठी त्याऐवजी सूक्ष्मजीवांकडून मिळवलेलं विकर वापरतात.