मुख्य खात्यावर सगळ्या युनिटांची बेरीज कशी आणायची?

तुमचा प्रश्न असा: डायनॅमिक्स ३६५ (मायक्रोसॉफ्टचं ग्राहक आणि विक्रीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) मध्ये ग्राहकाच्या मुख्य अकाउंटवर, म्हणजे हेड ऑफिसच्या नोंदीवर, खालच्या सगळ्या युनिटांच्या चालू ऑपॉर्च्युनिटींची (होऊ घातलेल्या विक्रींची) रक्कम हवी आहे, त्यासाठी रोलअप फील्ड, म्हणजे इतर नोंदींतले आकडे आपोआप जोडणारा रकाना, बनवलं, पण आकडाच येत नाही.

आधी आकड्याचं. रोलअप फील्डचा पहिला हिशोब ते बनवल्यावर १२ तासांनी होतो, पुढे बदललेल्या नोंदींचा दर तासाला. घाई असेल तर त्या नोंदीवर फील्डशेजारचं कॅल्क्युलेटरचं चिन्ह दाबा, लगेच आकडा येईल. फील्ड बनवताना हायरार्की (कुठलं अकाउंट कुणाच्या खाली, ती उतरंड) वापरण्याचा पर्याय चालू केलाय ना आणि स्टेटस 'ओपन' हा फिल्टर लावलाय ना, तेही बघा. हायरार्कीतल्या १० पातळ्यांपर्यंतच हिशोब होतो. आपल्याकडच्या ग्राहकांना तेवढ्या पुरतात.

मी रबाळ्यात हेच काम करतो. एका ग्राहकाचं हेड ऑफिस वाशीला, एक प्लांट तळोज्याला, एक वागळे इस्टेटला. बेरीज सतत कमी येत होती. दोन आठवडे मी फिल्टर तपासत बसलो, आणि निघालं काय, तर तळोज्याचं अकाउंट तीन जणांनी तीन वेगळ्या नावांनी टाकलेलं, आणि त्यातल्या दोन नोंदींत पॅरेंट अकाउंट, म्हणजे वरचं अकाउंट कोणतं तो रकाना, रिकामा. म्हणून कळकळीनं सांगतो, फील्डला हात लावण्याआधी एक दिवस काढून पॅरेंट अकाउंट भरून घ्या, दुबार नोंदी एक करा. कंटाळवाणं काम आहे, पण बेरीज त्यावरच उभी असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा वाशीच्या स्वतःच्या ऑपॉर्च्युनिटी १० लाखांच्या, वागळेच्या १५, तळोज्याच्या २०. वाशीवर ४५ दिसतील, ते बरोबर. पण रिपोर्टमध्ये कुणी हेच फील्ड सगळ्या अकाउंटांवर जोडलं, तर ४५ अधिक १५ अधिक २०, म्हणजे ८० लाख! आमच्या मीटिंगमध्ये असा आकडा खरंच वाचून दाखवला गेला होता. म्हणून दोन फील्डं ठेवा: एक हायरार्कीसह, एक फक्त त्या अकाउंटचं. नावातच 'समूह' आणि 'स्वतःचे' लिहा. रिपोर्टची एकूण बेरीज दुसऱ्यावरच करा.

आणखी एक. हा हिशोब सिस्टीमच्या अधिकारानं होतो. तळोज्याच्या सेल्समनला वाशीची ऑपॉर्च्युनिटी उघडता येत नसेल, तरी वाशीचं अकाउंट दिसत असेल तर त्यावरची पूर्ण बेरीज त्याला दिसेल. ते नको असेल तर त्या फील्डवर फील्ड सिक्युरिटी (ते फील्ड ठरावीक लोकांनाच दिसेल अशी सोय) लावा, आणि कुणाला दाखवायचं ते सेल्स हेडला आधी विचारून घ्या.