किल्ल्यावरचा शरभ पाहताना

किल्ल्यांवरील शिल्पे पाहण्यास तुम्ही नुकतीच सुरुवात केली आहे, म्हणून शरभाविषयी थोडे सांगतो. संस्कृत साहित्यातला हा काल्पनिक पशू आठ पायांचा, पर्वतात राहणारा आणि सिंहालाही भारी पडणारा आहे. ‘मेघदूता’त तर हिमालयातले शरभ चिडून मेघावरच उड्या घेतात आणि स्वतःचेच अवयव मोडून घेतात, एवढे बळ आणि एवढा उतावळेपणा एकाच प्राण्याला देण्यातली कालिदासाची गंमत मला फार आवडते.

मात्र हे वर्णन मनात ठेवून दरवाजावर आठ पाय शोधू नका, कारण आपल्याकडच्या शिल्पांत शरभ बहुधा चार पायांचा, सिंहासारखा आणि कधी पंख असलेला दाखवतात. रायगडाच्या नगारखान्यावर त्याने हत्ती पकडलेले दिसतात, तेव्हा आधी त्याचे पंजे, मग शेपटी निरखा. त्याचा राजकीय अर्थ सांगणारे पुष्कळ भेटतील. आधी डोळ्यांनी पाहावे, अर्थ नंतर लावावा.

शिल्प झिजलेले असल्यास तिरप्या उन्हाची वाट पाहा. फोटो स्पष्ट यावा म्हणून त्यावर खडू किंवा पीठ मात्र कधीही चोळू नका.