हायरोग्लिफला 'चित्रलिपी' म्हणायचं का?

प्रश्न असा होता की इजिप्तच्या हायरोग्लिफिक्सला मराठीत सगळे चित्रलिपी म्हणतात, ते बरोबर आहे का, आणि मूळ शब्दाचा अर्थ काय. मूळ शब्द ग्रीक आहे, हिएरोस म्हणजे पवित्र आणि ग्लिफो म्हणजे कोरणं, त्यात चित्र कुठेच नाही. खुद्द इजिप्शियन लोक तिला 'मेदू नेचेर' म्हणायचे, देवाचे शब्द.

चित्रलिपी हा शब्द चुकीचा नाही पण फसवतो. ऐकणाऱ्याला वाटतं बदक काढलं म्हणजे बदक, घर काढलं म्हणजे घर. तसं अजिबात नाहीये. मराठीतच बघा ना, मला 'मान' लिहायचाय, सन्मानातला. त्याचं चित्र कसं काढणार? मग गळ्यावरची मान काढायची, उच्चार तोच. हीच त्यांची युक्ती. बदकाचं चित्र 'मुलगा' या शब्दासाठी वापरायचे कारण दोन्हीची व्यंजनं सारखी. आता गंमत म्हणजे ही लिपी विसरल्यानंतरच्या एका ग्रीक ग्रंथात म्हटलंय की मुलासाठी हा पक्षी काढतात कारण त्याचा पिल्लांवर फार जीव असतो! अर्थ बरोबर, कारण साफ चूक. आणि असल्या चित्रांतून गूढ अर्थ काढायच्या नादात लोकांची शेकडो वर्षं गेली.

दुसरी गोष्ट, ते स्वर लिहीतच नाहीत. म्हणजे नुसतं म-न लिहिलं की मान, मन, मीन, मौन, मुनी काहीही वाचा. मग कळायचं कसं? तर शब्दाच्या शेवटी एक न वाचायचं चित्र टाकतात, अर्थाचा इशारा म्हणून. मीन असेल तर मासा, मुनी असेल तर बसलेला माणूस, मौनाला तोंडाशी हात नेलेला माणूस (हे चिन्ह त्यांच्याकडे खरंच आहे, पण खाणं, बोलणं, विचार करणं आणि गप्प बसणं सगळ्याला तेच, त्यामुळे तिथेही डोकं चालवावं लागतंच). घराचं चित्र प-र, खाली एक उभी रेघ मारली की घर, आणि त्याच प-र पुढे चालणारे पाय काढले की 'बाहेर पडणं'. फॅरो हा शब्दही याच घरातला, पर-आ म्हणजे मोठं घर, आपण 'वाड्यावरून हुकूम आला' म्हणतो तसं आधी राजवाडा आणि नंतर राजाच.

हे आवाजाचं प्रकरण शांपोल्यों या फ्रेंच माणसाने 1822 मध्ये नीट उलगडलं, 1799 मध्ये इजिप्तमध्ये सापडलेल्या रोझेटा शिळेवर हायरोग्लिफमध्ये कोरलेला मजकूरच ग्रीकमध्येही होता म्हणून, आणि त्याला कॉप्टिक येत होती म्हणून. कॉप्टिक म्हणजे इजिप्शियन भाषेचंच शेवटचं रूप, हे दुसरं कारण लोक विसरतात.

रोजच्या हिशेबाला वगैरे ही चित्रं कोण काढत बसणार, त्यासाठी हायरॅटिक नावाचं भराभर लिहायचं वळण होतं, आपल्याकडे बाळबोध आणि मोडी असायचं तसं थोडंफार.

तर माझं मत, एकेका चिन्हाला 'चित्राक्षर' म्हणावं, चित्रही आहे आणि अक्षरही, आणि लिपीला चित्राक्षर लिपी किंवा सरळ हायरोग्लिफ लिपी. 'हायरोग्लिफिक' हे मुळात विशेषण आहे, त्यामुळे 'एक हायरोग्लिफिक' म्हणू नका, कानाला खटकतं.

जाता जाता, राजाच्या नावाभोवती जी लांबट चौकट असते तिला कार्तूश म्हणतात. नेपोलियनच्या शिपायांना तो आकार बंदुकीच्या काडतुसासारखा दिसला म्हणून फ्रेंचमधलं काडतुसाचं नावच त्याला चिकटलं. आणि आपलं काडतूस पोर्तुगीजांकडून आलेलं, म्हणजे कार्तूश आणि काडतूस चक्क चुलत भाऊ!